कृत्रिम पेशीपटल

कृत्रिम पेशीपटल : सजीव पेशीभोवतीच्या आवरणाची प्रयोगशाळेत घडवलेली नक्कल. फॉस्फोलिपिड या मेदाच्या रेणूचे डोके जलस्नेही असते, शेपट्या पाण्याला टाळतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू शेपट्या आत दडवून आपोआप दुहेरी थरात लागतात. थराची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. म्हणजे पटल जुळवणे फारसे कठीण नाही. ते टिकवणे आणि त्यात हवे तेच सोडणारे दार बसवणे, ही खरी अभियांत्रिकी.

१९६२ मध्ये म्यूलर, रुडिन आदींनी अमेरिकेत बारीक छिद्रावर असे पटल ताणले. इतके पातळ की परावर्तित प्रकाशात काळे दिसे, आणि तितकेच नाजूक. त्याच दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगम यांनी मेदाच्या पोकळ गोळ्या, म्हणजेच लायपोसोम, वर्णिल्या.

अखंड पटलातून आयन (विद्युतभारित कण) जवळजवळ जात नाहीत. म्हणूनच त्यात एक जरी प्रथिनछिद्र बसवले, तरी त्यातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजता येतो. छिद्रात रेणू शिरला की प्रवाह घटतो. १९९६ मध्ये अल्फा-हिमोलायसिन हे जिवाणूचे विष असे छिद्र म्हणून वापरून डीएनएचे धागे ओळखले गेले. रक्तपेशी फोडणारे हे विष असे कामी आले. नॅनोपोर (सूक्ष्म छिद्र) पद्धतीने डीएनए वाचण्याची वाट तिथूनच निघाली.

असे छिद्र हा एक संवेदक, म्हणजे रेणूची चाहूल देणारे साधन. दुसऱ्या प्रकारच्या संवेदकात लायपोसोममध्ये ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) कोंडतात. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक आत गेले की विकर थंडावते आणि आतल्या रंगद्रव्याची चमक बदलते. सांगली जिल्ह्यातील तासगाव, पलूसच्या द्राक्षबागायतदाराला फवारलेल्या औषधाचा अंश ही काय डोकेदुखी असते, हे सांगायला नको. मात्र हा संवेदक कोणते रसायन किती, हे नेमके सांगत नाही. त्यासाठी मिश्रणातील घटक वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफीच लागते. प्राथमिक चाळणी म्हणूनच त्याचा उपयोग.

औषधोपचारात लायपोसोम अधिक रुळले आहेत. लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. सांगली-मिरजेत लायपोसोमल इंजेक्शनचे नाव घरोघरी पोचले ते २०२१ मध्ये, कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारामुळे. तेव्हा देशभर त्याचा तुटवडा होता. त्यातले ॲम्फोटेरिसिन-बी बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉल या मेदद्रव्याला धरते आणि पटल गळके करते. आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉललाही ते थोडेफार चिकटते, म्हणून साध्या रूपात मूत्रपिंडाला घातक ठरते. लायपोसोममध्ये भरल्यावर हा त्रास बराच कमी होतो. पटल फोडणारे औषध पटलातच गुंडाळायचे, ही युक्ती दाद देण्याजोगी.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण पटलाच्या तेलकट गाभ्यात सहज सामावते. ‘लायपोसोमल हळद’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र तपासूनच घ्याव्यात : साधे लायपोसोम आतड्यातील पित्तक्षारांपुढे टिकत नाहीत.