पोळा, पाव आणि रोस : गोव्यातल्या ऑम्लेटची पार्श्वभूमी

बाहेरून आलेले पाहुणे गोव्यात पहिल्यांदा रोस ऑम्लेट खातात, तेव्हा हमखास विचारतात, एवढं छान भाजलेलं ऑम्लेट रश्श्यात बुडवायचं कशाला? मला या प्रश्नाचं उत्तर द्यायला आवडतं. आपल्याकडचं ऑम्लेट मुळात रश्श्यासाठीच भाजलेलं असतं. हे एकदा ध्यानात आलं की घरी ते का बिघडतं आणि कसं जमतं, दोन्ही कळतं.

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही शहरात दिवेलागणीला गाडे लागतात. गाडेवाल्याचा हात नीट पाहिलात तर सगळा धडा तिथेच मिळतो. स्टीलच्या पेल्यात दोन अंडी, चिमूटभर मीठ, चमचा खणखणत फिरतो. कांदा, मिरची, कोथिंबीर अगदी शेवटी पडते. तवा तापलेला असतो, अंडं पडताक्षणी कडा उसळून जाळीदार होतात. तो लगेच पेला कलता करून मिश्रण तव्यावर पसरवतो, एकदा उलटतो, ताटलीत काढतो. मग शेजारच्या टोपातला उकळता शागोतीचा रोस, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचा मसालेदार रस्सा, डावभर वरून. त्यावर कच्चा कांदा, लिंबाची फोड, बाजूला पाव. अंडं फोडल्यापासून ताटली हातात येईपर्यंत तीन-चार मिनिटं.

नावापासून सुरुवात करू. ‘ऑम्लेट’ हा शब्द फ्रेंच, पण त्याच्या मुळाशी लॅटिन ‘लामेला’ आहे, म्हणजे पातळ पत्रा. फ्रेंचमध्ये त्याची आल्युमेल, आमलेत अशी रूपं होत होत ऑम्लेट झालं. आता आपल्या घरातला शब्द बघा. अंड्याला कोंकणीत तांतें, आणि आमच्या आजीच्या तोंडी ऑम्लेट म्हणजे ‘तांत्याचा पोळा’. पोळा म्हणजेही तव्यावर पातळ पसरलेला गोल. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता या पदार्थाला त्याच्या पातळपणावरूनच ओळखलं. मराठी घरांतलं बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट आठवा. त्यात अंडं औषधालाही नसतं, तरी ते ऑम्लेटच, कारण ते पातळ आहे, तव्यावरचं आहे आणि त्यात कांदा-मिरची आहे.

वरून काहीतरी ओतायची कल्पनाही जुनी आहे. रोमन लोक अंडी दूध आणि तेलात फेटून कढईत शिजवत आणि ताटात काढल्यावर त्यावर मध ओतून मिरी भुरभुरवत. ही मिरी त्यांच्याकडे जहाजांनी जायची ती आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारातून. त्याच मिरीच्या शोधात 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. पुढे त्याच्या देशबांधवांच्या जहाजांतून अमेरिकेतली मिरची या किनाऱ्यावर आली. आज आपण हिरव्या मिरचीशिवाय ऑम्लेटचा विचारही करत नाही. काणकोणच्या खोला गावची मिरची तर आता भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, आणि ती कुणी परकी आहे असं काणकोणात म्हणून बघा!

पावाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते. गोवा हा भाताचा मुलूख. 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कनं गोवा घेतला, आणि आलेल्या लोकांना जेवायला पाव हवा होता, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, ओस्तीसाठीही (प्रसादाच्या पातळ चकतीसाठी) गहूच लागत होता. गहू बाहेरून आणता आला, पण पीठ फुगवायला त्यांच्याकडचं खमीर इथं मिळेना. तेव्हा माडाची सूर, म्हणजे माडी, कामी आली. रेंदेरानं (माडावर चढून सूर काढणाऱ्यानं) काढलेली सूर पिठात मिसळून पोदेर, म्हणजे पाववाले, पीठ आंबवू लागले. सासष्टीतल्या माजोर्डा गावाचं नाव या कलेशी आजही जोडलं जातं. बहुतेक भट्ट्यांमध्ये आता सुरीची जागा यीस्टनं घेतली आहे, पण उंडो, पोयी, कातरो पाव, कांकण ही नावं शाबूत आहेत आणि सायकलचा भोंगा वाजवत पोदेर अजून दारात येतो. ‘पायांनी तुडवतात म्हणून पाव’ ही व्युत्पत्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती चुकीची आहे. पोर्तुगीज ‘पांव’ जसाच्या तसा मराठीत आला, बटाटा, चावी, पगार आले त्याच वाटेनं.

या चुकीच्या व्युत्पत्तीत थोडी किळस आहे, आणि तिलाही इतिहास आहे. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी आमच्या आजीच्या पिढीनं लहानपणी ऐकलेल्या होत्या. फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकात, म्हणजे आल्बुकेर्कनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. तोवर पोर्तुगीज अमलातल्या तिसवाडी-सासष्टीतून निघालेले देव फोंड्यात येऊन वसलेले होते. तिथल्या हिंदू घरांत पाव स्वयंपाकघरात यायला वेळ लागणारच. अंड्याचंही तेच. मासळी रोज चाले, पण अंड्याचा तवा वेगळा, तो मागच्या पडवीतल्या चुलीवर. रोस ऑम्लेट घरापेक्षा गाड्यावर रुजलं याचं एक कारण मला यातच दिसतं. घरात ज्या दोन वस्तूंना आतल्या चुलीपाशी जागा नव्हती, त्या रस्त्यावर एका ताटलीत आल्या.

शागोतीला मात्र कधीच अडचण नव्हती. भाजलेलं खोबरं, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, खसखस, जायफळ, सुकी मिरची असं सगळं वाटून केलेला हा रस्सा हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांत आहे. पोर्तुगीज लिपीत ‘श’ साठी एक्स वापरतात, म्हणून पाट्यांवर ते नाव एक्सपासून सुरू होतं आणि पर्यटक त्याचं ‘झाकुती’ करतात. श्रावणातही या वाटपाला सुटी नसते. तेव्हा हाच मसाला चण्यांना किंवा पावसात रोयणीवर (वारुळावर) उगवणाऱ्या अळम्यांना (रानटी अळंब्यांना) लागतो.

अंडी मुबलक झाली ती अलीकडे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, मध्येच खुडूक होऊन बसते. आजी दोन अंड्यांत मूठभर कांदा, कोथिंबीर आणि ओलं खोबरं घालून चौघांचं भागवायची. आपल्या ऑम्लेटमधला भरपूर कांदा मला त्या काटकसरीची खूण वाटतो. पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देऊ लागली आणि 1982 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तेव्हापासून अंड्याचा भाव रोजच्या बोलण्यात आला. बेळगावकडून ट्रेच्या ट्रे येऊ लागले, अंडं वाण्याकडे नगावर मिळू लागलं आणि त्याबरोबर पडवीतला तवाही हळूहळू आत आला.

आता घरच्या तव्याकडे. फ्रेंच पद्धतीत ऑम्लेटला तपकिरी डाग चालत नाही आणि आतून ते मऊ, थोडं ओलसर ठेवतात. लोण्याबरोबर नुसतं खायचं असेल तर ते उत्तमच. पण त्यावर उकळता रोस ओतला की ते विरघळल्यासारखं होतं. मी बरीच वर्षं तसंच मऊ ऑम्लेट करून त्यावर शागोती ओतत होते आणि शागोती पातळ झाली म्हणून हळहळत होते. दोष शागोतीचा नव्हता. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंशांवर धरायला लागतो, पिवळा 65 ते 70 च्या दरम्यान. त्याच्या फार पुढे नेलं तर अंड्याची जाळी आवळत जाते आणि पाणी बाहेर पिळून निघतं. म्हणजे कडा कुरकुरीत हव्यात, पण मधला भाग वातड होऊ द्यायचा नाही. हे साधतं ते आच मोठी, थर पातळ आणि वेळ कमी ठेवून. दोन अंड्यांना रुंद तवा घ्या. बिडाचा असेल तर आधी नीट तापू द्या, मग तेल सोडा. थंड तव्यावर ओतलेलं अंडं लोखंडाला घट्ट चिकटतं, मग कितीही तेल घातलं तरी सुटत नाही.

मिठाचीही एक खुबी आहे. नुसत्या अंड्यात मीठ आधी घालून दहा मिनिटं ठेवलं तर ऑम्लेट मऊ राहतं. कांद्याला मात्र मीठ लागलं की पाणी सुटतं आणि मिश्रण पचपचीत होतं. म्हणून गाडेवाला कांदा शेवटी घालतो. कांदा बारीक चिरा. जाड फोडी ऑम्लेट उलटताना ते फाडतात.

रोस आदल्या दिवशीच्या शागोतीचा असला तर उत्तम, खोबरं मुरलेलं असतं. तो वेगळा, खळखळून उकळवा, घट्ट वाटला तर गरम पाणी घाला, आणि ताटली पुढ्यात ठेवल्यावरच वरून सोडा. पाव आधीच मोडून तयार ठेवा. पहिले चार घास कडा कुरकुरीत असतात, नंतर त्याच कडा रोस पितात.