लोकप्रिय अर्थशास्त्रग्रंथ

अर्थव्यवहारामागील तत्त्वे गणित आणि परिभाषेचा आधार शक्यतो न घेता सर्वसाधारण वाचकांना समजावून सांगणारे ग्रंथ. अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके व गुंतवणुकीचे सल्ले देणारी पुस्तके सामान्यतः या प्रकारात धरली जात नाहीत.

या लेखनप्रकाराचा आरंभ कोठून मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक बर्नार्ड मँडेव्हिल यांच्या ‘द ग्रंबलिंग हाइव्ह’ (१७०५) या कवितेपर्यंत मागे जातात. मधमाश्यांच्या पोळ्यात सगळे सद्‍वर्तनी झाले आणि व्यापार-धंदे बसले, असे तिचे कथानक आहे. मात्र तिचा रोख अर्थशास्त्र शिकविण्यापेक्षा समाजाच्या ढोंगावर अधिक आहे. दुसरे मत ॲडम स्मिथ यांच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ला (१७७६) हा मान देते. दहा कामगारांनी कामे वाटून घेतल्यास दिवसाला ४८,००० टाचण्या तयार होतात, हे त्यातील टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण आजही दिले जाते. परंतु पहिल्या भागातच चांदीच्या मूल्यावर जे प्रदीर्घ विषयांतर आहे, ते सामान्य वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले दिसत नाही.

म्हणून जेन मार्सेट (१७६९–१८५८) यांच्या ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन पोलिटिकल इकॉनॉमी’पासून (१८१६) सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक ठरते. श्रीमती बी. ही शिक्षिका आणि कॅरोलाइन ही शंकेखोर विद्यार्थिनी यांच्या संवादांतून मजुरी, खंड (जमिनीचे भाडे), लोकसंख्या, चलन असे विषय त्यात उलगडतात. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो हे मार्सेट कुटुंबाच्या परिचयातले होते; त्यांचा स्वतःचा प्रमुख ग्रंथ मात्र या पुस्तकानंतर एक वर्षाने आला. म्हणजे शास्त्र घडत असतानाच त्याची सोपी आवृत्ती वाचकांच्या हाती पडत होती. श्रीमती मार्सेटचे संवाद वाचलेली कोणतीही मुलगी जुन्या अर्थमंत्र्यांना धडे देऊ शकेल, अशा आशयाचा शेरा मेकॉलेने १८२५ मध्ये मारला. त्यात थोडा उपहास असला, तरी पुस्तकाच्या प्रसाराची ती साक्षच आहे. हॅरिएट मार्टिनो (१८०२–७६) यांनी मार्सेट यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १८३२ ते १८३४ या काळात दरमहा एक याप्रमाणे कथामाला लिहिली आणि कथेत गोवलेल्या तत्त्वांचा गोषवाराही सोबत जोडला. त्यांपैकी एक कथा सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) घडते. दालचिनी आणि मोती यांची मक्तेदारी तेथील लोकांना कसे दरिद्री ठेवते, हा तिचा विषय.

कथेवाटे तत्त्व सांगण्याची पद्धत पुढेही टिकली. फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० मध्ये फुटलेल्या काचेचा दाखला दिला. मुलाने खिडकीची काच फोडली, काचवाल्याला सहा फ्रँक मिळाले. जमलेले लोक म्हणाले, बरेच झाले, धंदा चालला. पण घरमालक त्याच सहा फ्रँकांचे जोडे घेणार होता, त्या चांभाराचा बुडालेला धंदा कोणालाच दिसत नाही. हेन्री हॅझलिट यांनी १९४६ मध्ये सबंध पुस्तक याच युक्तिवादावर उभारले. लेनर्ड रीड यांच्या १९५८ मधील निबंधात पेन्सिलच बोलते : लाकूड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, ग्रॅफाइट सिलोनचे, टोकाशी पितळेची कडी, अशी पेन्सिल आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने बनविणे कोणालाच येत नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९८० मधील आपल्या दूरदर्शन मालिकेत हीच पेन्सिल हाती धरून बाजारव्यवस्थेचे गुणगान केले. मात्र तिचा माल बंदरातून सुखरूप सुटावा यासाठी लागणारे कायदे, रस्ते आणि न्यायालये या कथेत जवळजवळ येतच नाहीत.

विसाव्या शतकात हे लेखन उघडपणे राजकीय वादात उतरले. जॉन मेनार्ड केन्स यांनी पॅरिसच्या शांतता परिषदेतील आपले सरकारी पद सोडून १९१९ च्या अखेरीस व्हर्सायच्या तहावर कठोर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारी नियोजनातून गुलामगिरी येते असे बजावणारे फ्रीड्रिख हायेक यांचे ‘द रोड टु सर्फडम’ (१९४४) ‘रीडर्स डायजेस्ट’मधील एप्रिल १९४५ च्या संक्षेपामुळे अमेरिकेत घरोघर पोहोचले. विरुद्ध बाजूने जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’त (१९५८) खासगी चैनीच्या शेजारी सार्वजनिक सेवांची आबाळ दाखविली.

२००५ नंतर या पुस्तकांची जणू लाट आली. स्टीव्हन लेविट व पत्रकार स्टीव्हन डबनर यांच्या ‘फ्रीकॉनॉमिक्स’ने सुमो कुस्तीतील लबाडीसारखे विषय घेतले. त्यातील सर्वांत गाजलेला दावा असा की, अमेरिकेत गर्भपात कायदेशीर झाल्यामुळे १९९० नंतर गुन्हेगारी घटली. लेविट व जॉन डॉनह्यू यांच्या २००१ मधील निबंधावर तो आधारलेला होता. २००५ मध्येच ख्रिस्तोफर फूट व ख्रिस्तोफर गोट्झ यांनी त्या निबंधाच्या गणनेतील चूक दाखवून दिली. लेविट यांनी चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. हा वाद मिटलेला नाही. तरीही एकाच कारणाने मोठे स्थित्यंतर उलगडण्याचा मोह या प्रकाराला किती जडला आहे, हे त्यावरून कळते.

याउलट अभिजित बॅनर्जी व एस्तेर डुफ्लो यांचे ‘पुअर इकॉनॉमिक्स’ (२०११) छोट्या प्रश्नांना धरून राहते. उदयपूर जिल्ह्यातील एका प्रयोगात पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण एरवी सुमारे ६ टक्के होते. शिबिरे नेमाने भरविलेल्या गावांत ते १८ टक्क्यांच्या आसपास गेले आणि दर लशीमागे किलोभर डाळ व सर्व लशी झाल्यावर थाळ्या दिल्या तेथे ३९ टक्क्यांच्या घरात पोहोचले. तोमा पिकेती यांच्या भांडवलावरील जाडजूड ग्रंथाने (२०१३) मात्र पुन्हा सबंध युग कवेत घेतले. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीचे वजन दाखविण्यासाठी त्यांनी करांच्या नोंदींबरोबर बाल्झाकच्या कादंबरीचाही आधार घेतला.

मराठीत या विषयाला बरेच लवकर तोंड फुटले. रामकृष्ण विश्वनाथ यांचे हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रत स्थितीविषयीचे पुस्तक १८४३ चे, तर लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे. पहिले देशस्थितीची चिकित्सा करते, दुसरे शास्त्राचा परिचय करून देते. त्यामुळे या विषयावरचे पहिले मराठी पुस्तक कोणते, हा वाद फारसा फलदायी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५५ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांच्या आधारे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या यादीत सहसा घेतला जात नाही. शेतसारा, लोकलफंड (स्थानिक कामांसाठीचा उपकर), कर्ज आणि कचेरीतील लाच यांची सांगड घालून कुणब्याचे दारिद्र्य उलगडणारे हे लेखन वास्तविक याच प्रकारात मोडते. शरद जोशी यांनी शेतमालाच्या भावाविषयी केलेली मांडणी त्याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहते. अलीकडच्या पुस्तकांत अच्युत गोडबोले यांचे ‘अर्थात’ विशेष वाचले गेले.