ब्लॅकहीथ फुटबॉल क्लब

आग्नेय लंडनमधील रग्बी युनियन (पंधरा-पंधरा जणांची रग्बी) खेळणारा क्लब. स्थापना १८५८. नावात ‘फुटबॉल’ असले तरी हा पहिल्यापासून रग्बीचाच क्लब आहे. तो स्थापन झाला तेव्हा दोन्ही खेळ वेगळे झालेले नव्हते आणि त्या काळचे नाव क्लबाने आजतागायत बदललेले नाही. एखाद्या शाळेपुरते, रुग्णालयापुरते किंवा महाविद्यालयापुरते सभासदत्व मर्यादित न ठेवणाऱ्या रग्बी क्लबांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. रग्बीच्या वर्तुळात त्याला नुसते ‘द क्लब’ म्हणतात. पोशाख लाल-काळ्या आडव्या पट्ट्यांचा.

ग्रिनिच उद्यानाच्या दक्षिणेला ब्लॅकहीथचे मोकळे माळरान पसरले आहे. तिथल्या ब्लॅकहीथ प्रोप्रायटरी स्कूल या शाळेत चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ रुजला होता. शाळा सुटल्यावरही खेळ सुटू नये म्हणून माजी विद्यार्थ्यांनी हा क्लब काढला आणि काही वर्षांतच तो बाहेरच्यांनाही खुला केला. ना तिकीट, ना कुंपण. सामने थेट माळावरच होत. एका बाजूला वीस-वीस खेळाडू असत. पंधरांची पद्धत १८७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली.

क्लबाचे महत्त्व त्याने जिंकलेल्या सामन्यांत फारसे नाही. रग्बीचे कायदे ज्या भांडणांतून घडले त्यांतली बरीचशी या क्लबाच्या माणसांनी केली, किंवा त्याच्या मैदानावर झाली. पहिले भांडण १८६३चे. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा ब्लॅकहीथ संस्थापक सभासदांत होता. त्याचे प्रतिनिधी फ्रान्सिस मॉल कॅम्बेल यांच्याकडे असोसिएशनचे कोषाध्यक्षपद आले. पुढच्या बैठकांत चेंडू घेऊन पळणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे, म्हणजेच हॅकिंग, या दोन्हींवर बंदी घालायचे ठरू लागले. कॅम्बेल यांचा याला कडाडून विरोध होता. लाथा काढल्या तर खेळातली सारी हिंमत जाईल, मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचही तुम्हाला हरवतील, असे त्यांनी भर सभेत सुनावले. डिसेंबरात ब्लॅकहीथ असोसिएशनमधून बाहेर पडला. फुटबॉल आणि रग्बी यांची फारकत सांगताना याच घटनेपासून सुरुवात केली जाते.

बाहेर पडलेल्या क्लबांना मात्र सात वर्षे समाईक नियमच नव्हते. सामन्याआधी कर्णधारांनी बसून कोणते नियम धरायचे ते ठरवायचे आणि सामन्यात त्यावरूनच वाद घालायचा, अशी रीत होती. डिसेंबर १८७०मध्ये ब्लॅकहीथचे सचिव बेंजामिन बर्न्स आणि नैर्ऋत्य लंडनमधील रिचमंड क्लबाचे एडविन अ‍ॅश यांनी ‘द टाइम्स’मध्ये संयुक्त पत्र लिहून सर्व क्लबांना एकत्र बोलावले. २६ जानेवारी १८७१ रोजी पॅलमॅल रेस्टॉरंटमध्ये २१ क्लबांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. युनियनने पहिल्या नियमावलीतच हॅकिंग बंद केले. आठ वर्षांपूर्वी ज्या लाथेसाठी ब्लॅकहीथने असोसिएशन सोडली, ती त्याच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संघटनेने मोडीत काढली. चेंडू हातात घेऊन पळणे मात्र टिकले, आणि तेच या खेळाचे खरे वेगळेपण होते. त्याच वर्षी मार्चमध्ये एडिंबरोला स्कॉटलंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडचे नेतृत्व ब्लॅकहीथचे वीस वर्षांचे फ्रेडरिक स्टोक्स यांनी केले. बर्न्सही त्या संघात होते. सामना स्कॉटलंडने जिंकला.

पुढे क्लब माळ सोडून बंदिस्त मैदानावर गेला. इंग्लंड आणि वेल्स यांचा पहिला सामना १८८१ साली ब्लॅकहीथच्याच रिचर्डसन्स फील्डवर झाला. इंग्लंडच्या तेरा ट्राय झाल्या (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे), वेल्सची एकही नाही. त्यानंतर रेक्टरी फील्ड हे क्लबाचे घर झाले. इंग्लंडच्या संघाचे आजचे घर असलेले ट्विकनमचे मैदान अजून व्हायचे होते, त्यामुळे राष्ट्रीय संघाचे कितीतरी सामने येथेच होत.

रेक्टरी फील्डवरचे सर्वांत दूरगामी भांडण १ मार्च १८८४चे. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू हाताने मागे ढकलला. इंग्लंडच्या रिचर्ड किंडर्स्ली यांनी तो उचलून ट्राय केली. स्कॉटलंडचे म्हणणे असे, की चेंडू असा ढकलणे हाच नियमभंग आहे, तेव्हा खेळ तिथेच थांबायला हवा होता. इंग्लंडने उत्तर दिले, की चूक तुमच्या खेळाडूची. तिचा लाभ तुम्हालाच कसा मिळेल? बराच वेळ मैदानावर नुसता वाद चालला. शेवटी ट्राय धरली गेली, ब्लॅकहीथच्या विल्फ्रेड बोल्टन यांनी त्यानंतरच्या किकने तिचे गोलात रूपांतर केले आणि इंग्लंडने सामना जिंकला. पुढच्या वर्षी दोन्ही देश एकमेकांशी खेळलेच नाहीत. देशादेशांमधल्या सामन्यांचे नियम एका देशाच्या संघटनेने ठरवू नयेत, म्हणून स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी १८८६मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ काढले. इंग्लंड त्यात १८९०पर्यंत गेला नाही. आजची जागतिक रग्बी संघटना याच मंडळातून वाढली आहे. चूक करणाऱ्याला चुकीचा फायदा मिळू नये, ही इंग्लंडची बाजू पुढे खेळाचा पायाभूत नियम बनली. ती तेव्हाही न्याय्यच होती, असे मला वाटते. फक्त ती सामन्याच्या मध्येच मांडावी लागली, हे त्या काळच्या नियमांचे अपुरेपण.

त्या दिवशी पणाला लागलेल्या चषकाचे नाते भारताशी आहे. १८७३ साली निघालेला कलकत्ता फुटबॉल क्लब इंग्लंडच्या युनियनचा सभासद होता. क्लबात फुकट मिळणारे मद्य बंद झाले, लष्करातले खेळाडू बदलीवर गेले, उरलेल्यांना टेनिस आणि पोलोची गोडी लागली, आणि क्लब मोडला. शिलकीतले २७० चांदीचे रुपये बँकेतून काढून, ते वितळवून, एक चषक घडवून घेण्यात आला. त्याच्या तीन मुठी म्हणजे फणा काढलेले नाग, झाकणावर हत्ती. हा कलकत्ता चषक १८७९पासून आजपर्यंत इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यासाठी खेळला जातो. मुंबईत या खेळाचे जुने ठाणे म्हणजे १८७५मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना.

१८८९मध्ये न्यूझीलंडचा बहुतांशी माओरी खेळाडूंचा ‘नेटिव्ह्‌ज’ संघ रेक्टरी फील्डवर इंग्लंडशी खेळला. ब्लॅकहीथकडूनही खेळलेले अँड्र्यू स्टॉडर्ट यांची विजार झटापटीत फाटली. खेळ थांबला असे समजून पाहुण्यांनी सभ्यपणे त्यांच्याभोवती आडोसा केला. तेवढ्यात इंग्लंडच्या फ्रँक एव्हरशेड यांनी चेंडू उचलून ट्राय केली. पंच रोलंड हिल हे इंग्लंडच्या युनियनचेच सचिव होते. त्यांनी ट्राय मान्य केली. न्यूझीलंडचे तीन खेळाडू निषेध म्हणून मैदानाबाहेर गेले आणि उलट त्यांच्याच संघाकडून माफी मागून घेण्यात आली. हा सरळसरळ अन्याय होता.

स्टॉडर्ट क्रिकेट आणि रग्बी या दोन्ही खेळांत इंग्लंडचे कर्णधार झाले. क्लबाच्या इतर नामवंतांत क्रिकेटपटू सी. बी. फ्राय, आघाडीच्या फळीतला खेळ बदलून टाकणारे चेरी पिलमन आणि २५ सामन्यांत १८ ट्राय करणारे वैमानिक सिरिल लो येतात. निमंत्रितांचा प्रसिद्ध बार्बेरियन्स संघ १८९०मध्ये काढणारे पर्सी कार्पमेल हेही ब्लॅकहीथचेच.

खेळाबद्दल पैसा घ्यायचा नाही, या तत्त्वावर क्लब शतकाहून अधिक काळ चालला. दक्षिणेतल्या सुखवस्तू खेळाडूंना ते परवडत होते. उत्तरेतल्या गिरणी आणि खाणकामगारांना शनिवारच्या सामन्यासाठी मजुरी बुडवावी लागे. तिची भरपाई द्यावी, हा प्रस्ताव युनियनने १८९३मध्ये २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला. दोन वर्षांनी उत्तरेतले क्लब फुटले आणि त्यांच्यातून रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. हौशीपणाचा अभिमान बाळगताना त्याची किंमत कोणी मोजली, हेही नोंदवले पाहिजे.

१९८७मध्ये इंग्लंडमध्ये क्लबांची साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा ब्लॅकहीथ दुसऱ्या श्रेणीत होता. ऑगस्ट १९९५मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक खेळाडूंना खुली झाल्यावर पैसेवाले क्लब झपाट्याने पुढे गेले. ब्लॅकहीथ एकविसाव्या शतकात मुख्यतः तिसऱ्या श्रेणीत खेळत आला आहे.

अशा क्लबाचा कणा पहिल्या पंधरांपेक्षा मोठा असतो. राखीव आणि प्रौढ खेळाडूंचे संघ, सतरा-अठराचे ‘कोल्ट्स’, आणि सर्वांत खाली रविवारी सकाळी कमरेची पट्टी ओढून टॅग रग्बी खेळणारी सहा-सात वर्षांची मुले. झटापटीचा खेळ त्यांना नंतर शिकवतात. प्रशिक्षक बहुधा मुलांचे आई-वडीलच. सचिव, कोषाध्यक्ष, सामने ठरवणारा, मैदान आखणारा ही कामे सभासद विनावेतन करतात. खर्च वर्गणी, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती आणि सामन्यानंतर क्लबघरातल्या बारची विक्री यांतून निघतो. पाहुण्या संघाला सामन्यानंतर जेवू घालायचे, ही रीत तळच्या श्रेणीपर्यंत पाळली जाते.

२०१६पासून ब्लॅकहीथचा पहिला संघ आपले घरचे सामने रेक्टरी फील्डऐवजी जवळच्या एल्थममधील वेल हॉल मैदानावर खेळतो.