खडीसाखरेतला दोरा आणि गिझरची कॉइल

खडीसाखर चघळताना दातांत दोरा येतो. लहानपणी आम्ही तो थुंकून टाकायचो. पण ते खडे जमले होते ते त्या दोऱ्याच्याच आधाराने. पाक भांडंभर असतो, साखर मात्र आधी दोरा धरते.

पुण्याजवळच्या वाघोलीला बहिणीकडे गिझर बिघडला तेव्हा हा दोरा आठवला. बोअरचं आणि टँकरचं पाणी. मिस्त्रीने कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर पांढरा, खरखरीत थर. "क्षार बसलाय, ताई," एवढंच त्याचं निदान, आणि ते बरोबर होतं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हाच थर हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांत बसतो. तिथे त्याला स्केल म्हणतात.

क्षार तर सगळ्या पाण्यात विरघळलेले असतात. मग ते कॉइलच का धरतात?

स्फटिकाला सुरुवात करणंच महाग पडतं. पाणी अतिसंपृक्त झालं, म्हणजे त्यात मावण्यापेक्षा जास्त क्षार झाले, तरी ते लगेच खाली बसत नाहीत. काही कण एकत्र येतात, त्यांची इवलीशी गाठ बनते. गाठीच्या आतल्या कणांना चारी बाजूंनी सोबत मिळते, पृष्ठभागावरचे मात्र अर्धवट उघडे राहतात, आणि त्या उघडेपणाची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. गाठ लहान असताना आतले कण थोडे आणि उघडे फार, म्हणून बहुतेक गाठी पुन्हा विरघळून जातात. ठरावीक आकार ओलांडला, तो काही नॅनोमीटरचाच असतो, की मग वाढणं फायद्याचं ठरतं.

भिंतीला टेकलेल्या गाठीचा एक भाग झाकला जातो, किंमत तेवढी उतरते. ओरखड्यात, खाचेत किंवा वेल्डिंगच्या सांध्यात तर ती आणखी स्वस्त. वाघोलीच्याच खाणींत याचा देखणा नमुना मिळतो: कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांपासून बनलेलं हे निळंशार खनिज बेसाल्टमधल्या पोकळ्यांत सापडतं, आणि तिथेही स्फटिक भिंतीपासून आत वाढलेले दिसतात.

गिझरमध्ये भिंतीबरोबर उष्णताही असते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. शिवाय तापल्यावर पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट उरतं. म्हणजे पाणी सर्वांत जास्त अतिसंपृक्त होतं ते नेमकं कॉइलला चिकटलेल्या पातळ थरात. तिथे बुडबुडे उठत असतील तर आणखीच भर, कारण बुडबुड्याच्या बुडाशी पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात.

तरी नवी कॉइल लगेच पांढरी होत नाही. आधी एक शांत काळ जातो, कधी तासांचा, कधी आठवड्यांचा. मला यातली सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे, याच काळात हीट एक्स्चेंजरची उष्णता देण्याची क्षमता कधीकधी किंचित वाढते! पहिले विखुरलेले स्फटिक पृष्ठभाग खडबडीत करतात, त्यामुळे पाणी घुसळलं जातं. ऑपरेटरला वाटतं, यंत्र झकास चाललंय. मग स्फटिक एकमेकांना भिडून थर सलग होतो आणि आकडे घसरू लागतात. कॅल्साइटची, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटची, उष्णतावाहकता तांब्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे.

म्हणून उपायही या सुरुवातीच्या काळावरच बेतलेले असतात. सॉफ्टनर कॅल्शियमच काढून घेतो. अँटिस्केलंट, म्हणजे थर रोखणारं रसायन, अगदी थोडं घालतात. त्याचे रेणू कोवळ्या स्फटिकाच्या वाढीच्या जागा अडवतात. गुळगुळीत नळ्यांवर गाठींना आधार कमी मिळतो.

बहिणीच्या मिस्त्रीने कॉइल अ‍ॅसिडमध्ये बुडवली आणि दहा मिनिटांत काढली. "लख्ख झाली!" वरून लख्ख होती खरी. खाचांमधे मात्र पांढरे ठिपके तसेच होते. त्यांना आता नवी गाठ बांधायची नव्हती, शांत काळ काढायचा नव्हता. पाणी तापलं की सरळ वाढायचंच होतं. मी त्याला कॉइल परत बुडवायला लावली.