गेस्ट ऑपरेटिंग सिस्टीम (व्हर्च्युअल मशीनमधली)

एका कॉम्प्युटरवर आधीच एक सिस्टीम चालू आहे आणि तिच्या पोटात सॉफ्टवेअरनं दुसरा खोटा कॉम्प्युटर उभा केलाय, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बोलताना नुसतं व्हीएम. त्या खोट्या कॉम्प्युटरवर जी सिस्टीम टाकतात ती गेस्ट, जिच्या जिवावर सगळं चालतं ती होस्ट, आणि मधे बसून सीपीयू, रॅम, डिस्क वाटून देणारा तो हायपरव्हायजर. कागदोपत्री 'अतिथी प्रणाली' असंही लिहितात पण बोलताना कोणी म्हणत नाही. खरं तर गेस्ट हा शब्दच जरा फसवा आहे. आपल्याकडे पाव्हना आला तर त्याला पक्कं माहीत असतं की घर दुसऱ्याचं आहे, शेवभाजीचा आग्रह झाला तरी तो दोन दिवसात जळगावची गाडी पकडतो. या गेस्टला मात्र सगळी मशीन आपलीच वाटते, त्यामुळे घरजावई म्हटलं तर जास्त जवळ जातं.

पहिली व्हर्च्युअल मशीन कुठली यावर मतं वेगवेगळी आहेत. आयबीएमच्या यॉर्कटाऊनच्या संशोधन केंद्रात १९६० च्या दशकाच्या मध्याला ७०४४ या मशीनवर आधारलेला एम४४/४४एक्स हा प्रयोग झाला, आणि 'व्हर्च्युअल मशीन' हा शब्द तिथूनच आला असं बरेच जण धरतात. पण त्यातली ४४एक्स ही व्हर्च्युअल मशीन खालच्या हार्डवेअरची हुबेहूब नक्कल नव्हती, बरीचशी मिळतीजुळती होती एवढंच. हुबेहूब नक्कल करणारी सिस्टीम आयबीएमच्याच केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या केंद्रात झाली, नाव सीपी-४०, काम १९६४ च्या सुमारास सुरू, रोजच्या वापरात साधारण १९६७ च्या जानेवारीत. आयबीएमच्या सिस्टीम/३६० मॉडेल ४० या कॉम्प्युटरमधे जादा हार्डवेअर बसवून एकावेळी १४ पर्यंत व्हीएम त्यावर चालायच्या. आत बदल न केलेली सिस्टीम चालली पाहिजे हीच गेस्टची खूण मानली तर मान सीपी-४० कडे जातो, आणि या नोंदीत तेच धरलंय. पुढं सीपी-६७ आणि १९७२ ला व्हीएम/३७०, म्हणजे गिऱ्हाइकांना रीतसर दिलेला माल.

नियम मात्र नंतर लिहिले गेले. १९७४ ला पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी तीन अटी मांडल्या: गेस्टला खऱ्या मशीनवर दिसेल तसंच दिसलं पाहिजे, सगळा ताबा हायपरव्हायजरकडे पाहिजे, आणि प्रोग्राममधल्या बहुतेक सूचना थेट सीपीयूवर पळाल्या पाहिजेत, नाहीतर ते नुसतं इम्युलेशन, म्हणजे सूचना-सूचनेची सॉफ्टवेअरनं केलेली नक्कल. हे जमायला प्रत्येक संवेदनशील सूचना (मशीनच्या ताब्याशी किंवा स्थितीशी खेळणारी) साध्या, कमी अधिकारांच्या मोडमधे चालवली की तिनं अडकून हायपरव्हायजरला हाक मारली पाहिजे.

इथंच आपले घरचे पीसी अडले. एक्स८६ मधे, म्हणजे पीसीतल्या इंटेल-एएमडीच्या सीपीयूंच्या घराण्यात, अशा १७ सूचना सापडल्या ज्या अडकतच नाहीत, उदाहरणार्थ पॉपएफ. कर्नलनं (सिस्टीमच्या गाभ्यानं) तिच्यातून इंटरप्ट (चालू काम थांबवून सीपीयूचं लक्ष वेधणारे इशारे) बंद करायला सांगितलं आणि तो कर्नल साध्या मोडमधे बसवलेला असला, तर सीपीयू तेवढा भाग गुपचूप गाळतो, एरर नाही काही नाही, आणि गेस्ट समजतो की काम झालं, पुढं कधीतरी गडबड होते तेव्हा कारण सापडत नाही. यावर व्हीएमवेअर कंपनीनं १९९९ ला वर्कस्टेशन हे व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर काढलं तेव्हा कर्नलचा कोड चालता चालता बदलून चालवायचा मार्ग घेतला, साधे प्रोग्राम मात्र तसेच पळू द्यायचे. केंब्रिज विद्यापीठातून (हे इंग्लंडातलं, वरचं नव्हे) २००३ ला आलेल्या झेन या हायपरव्हायजरनं उलटं केलं, गेस्टचा कर्नलच दुरुस्त करून घेतला. लिनक्सला ते चाललं, बंद सोर्सच्या विंडोजचं काय करणार. शेवटी सीपीयूवाल्यांनीच माघार घेऊन सीपीयूतच व्हीएमची सोय केली, इंटेलचं व्हीटी-एक्स २००५ च्या शेवटी आणि एएमडीचं २००६ ला आलं, आणि २००७ ला केव्हीएम हा हायपरव्हायजर थेट लिनक्सच्या कर्नलमधे गेला. व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअरही त्याच वर्षीचं, इनोटेकचं, मग सनचं, २०१० पासून ओरॅकलचं.

खान्देशात याची गाठ पडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कॉलेजं, जिथं विंडोजच्या लॅपटॉपवर प्रॅक्टिकलपुरतं उबुंटू लागतं. बायोसमधे (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमधे) व्हीटी-एक्स बंद असलं की व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत ६४ बिटची नावंच दिसत नाहीत अशी जुनी तक्रार आहे, आणि विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर, हायपर-व्ही, आधीच चालू असला तर खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसतं. ते कासव सजावटीला नसतं, व्हीएम खरंच तशीच चालते. ४ जीबीच्या लॅपटॉपवर अर्धी रॅम गेस्टला दिली तर दोघंही उपाशी.

दुसरं ठिकाण डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याचं. लग्नसराईच्या पत्रिका, गाव-जत्रेची हँडबिलं अशी वर्षानुवर्षांची कामं पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात पडून असतात, नवीन विंडोजवर उघडली तर अक्षरांचा चिवडा. म्हणून जुना विंडोज एक्सपी गेस्ट करून ठेवायचा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, तेव्हा त्या गेस्टचं नेटवर्क कार्ड काढूनच टाकावं, फाइली शेअर्ड फोल्डरनं द्याव्यात, त्यासाठी गेस्टमधे गेस्ट ॲडिशन्स नावाचं जोड-सॉफ्टवेअर टाकावं लागतं. सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची खात्री करायला कॉम्प्युटरला लावायची खुंटी) यूएसबीचं असलं तर गेस्टकडे वळवता येतं, जुन्या प्रिंटर पोर्टाचं असलं तर फार डोकं खातं.

स्नॅपशॉटला (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) बॅकअप समजू नये. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क फाइल गोठते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलीत जातात, दोन्ही त्याच हार्ड डिस्कवर. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टर नाही, गेस्ट लिहीत होता आणि ते लिहिणं अजून होस्टच्या कॅशमधेच (तात्पुरत्या मेमरीत) होतं, अशा वेळी गेस्टची फाइल सिस्टीम अर्धवट राहू शकते. व्हीएम सेव्ह स्टेटनं (चालू स्थिती डिस्कवर जपून) बंद करून तिचं सगळं फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करणं हाच साधा उपाय.