बटाटा तेल कधी पितो?

परवा भाच्याने एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. पांढऱ्या राजम्याच्या अर्काच्या कॅप्सूल, जेवणाआधी एक घ्यायची आणि मग बिनधास्त फ्रेंच फ्राइज हाणायचे, कार्ब्स अंगाला लागणारच नाहीत म्हणे. खाली प्रश्न, "मावशी, हे खरंय का गं?"

म्हटलं आधी दोघांना शेजारी ठेवून बघू. १०० ग्रॅम फ्राइजमध्ये साधारण ३१२ कॅलरी, ३.४ ग्रॅम प्रोटीन आणि जवळपास १५ ग्रॅम फॅट. तेवढ्याच शिजवलेल्या पांढऱ्या राजम्यात १३९ कॅलरी, प्रोटीन साडेनऊ ग्रॅमच्या पुढे, फायबर ६ ग्रॅम आणि फॅट अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पोटॅशियम मात्र दोघांत जवळपास सारखंच, आणि थोडंफार सी व्हिटॅमिन असलंच तर ते फ्राइजमध्ये, त्यामुळे बटाट्याला उगाच शिव्या घालू नका. नुसत्या उकडलेल्या बटाट्यात तर ८७ च कॅलरी असतात, राजम्याहून कमी!

सगळी गंमत पाण्याची आहे. कोरडा राजमा रात्रभर पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे त्याच्या कॅलरी वजनात पसरतात. बटाट्याचं उलट, त्यात मुळातच ७९ टक्के पाणी आणि तळताना तेच उडून जातं. मी घरी २०० ग्रॅम काप तळून परत काट्यावर ठेवले तर ११० च्या आसपास भरले, आणि त्यातही तेल आलंच.

आता माझा आवडता भाग. आपण म्हणतो वडा तेल पितो, बटाटा तेल पितो, आणि डोळ्यासमोर कढई येते. पण कढईत असताना तो फारसं पितच नाही! आतलं पाणी उकळून वाफ जोरात बाहेर येत असते (ते बुडबुडे तेच), मग तेल आत शिरणार कुठून? खरं पिणं सुरू होतं झाऱ्यावर. काप बाहेर काढला की त्याच्या अंगाला तेलाचा थर चिकटलेला असतो आणि आतल्या बारीक भोकांमध्ये वाफ भरलेली. ती गार होऊन पाणी झाली की एकदम आकसते, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ दीड लिटरपेक्षा जास्त जागा व्यापते, तेवढं आकसल्यावर आत दाब कमी पडतो आणि बाहेरचं तेल सर्रकन आत ओढलं जातं. गरम भात भरून घट्ट झाकण लावलेला डबा गार झाल्यावर उघडता उघडत नाही ना, तोच प्रकार. म्हणून झारा कढईवरच झटकायचा आणि काप गरम असतानाच कागदावर टिपायचे, पाच मिनिटांनी टिपून काय उपयोग, तेल केव्हाच आत गेलेलं असतं.

तर कॅप्सूल. कच्च्या राजम्यात स्टार्च (बटाट्यातले कार्ब्स म्हणजे मुख्यतः हाच) पचवणाऱ्या अमायलेज एन्झाइमला अडवणारं एक प्रोटीन असतं, एवढं खरं आहे. पण १९८२ साली अमेरिकेत एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) अशा 'स्टार्च ब्लॉकर' गोळ्यांची विक्री थांबवायला लावली होती, आता नव्या डब्यात नव्या नावाने परत आल्यात. आणि समजा गोळीने शंभर टक्के काम केलं तरी ती अडवणार स्टार्चला, झाऱ्यावर आत शिरलेल्या १५ ग्रॅम तेलाच्या १३० च्या वर कॅलरींना ती हातही लावत नाही. हे भाच्याला कळवलं तर त्याचा रिप्लाय, "मग कच्च्या राजम्याची पावडर?"

अजिबात नाही! कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रोटीन असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त आणि पांढऱ्यात त्याहून कमी, पण पोटात गेलं की उलट्या-जुलाब ठरलेले. भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळला की ते मरतं. अमायलेजला अडवणारं ते प्रोटीनही शिजवताना निकामी होतं, म्हणजे उसळीत कॅप्सूलवाली जादू काहीच उरत नाही, उरतं ते प्रोटीन, फायबर आणि दुसऱ्या दिवशीचा गॅस.