दोन तारांमधला फरक कोणी काढायचा: चिपने की प्रोग्रामने?

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही, म्हणून उदाहरण उसाच्या काट्याचंच घेऊ. काट्याखालच्या लोडसेलमधून (वजनाचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणाऱ्या सेन्सरमधून) सिग्नलच्या दोन तारा निघतात आणि वजन दडलेलं असतं त्यांच्या व्होल्टेजमधल्या फरकात. हा फरक एडीसी चिपच (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) थेट मोजू शकते. किंवा दोन्ही तारा ग्राउंडच्या संदर्भात वेगवेगळ्या वाचून प्रोग्राममध्ये वजाबाकी करता येते. कागदावर दोन्हींचं उत्तर एकच, म्हणून ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, लिहिताना दोन्ही गोष्टी सर्रास एक धरल्या जातात. त्या एक नाहीत.

लोडसेलला ५ व्होल्ट दिले आणि त्याची संवेदनशीलता व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट असली, तर पूर्ण वजनाला फरक मिळतो जेमतेम १० मिलिव्होल्ट. दोन्ही तारा मात्र २.५ व्होल्टच्या आसपास असतात. १६ बिटांच्या एडीएस१११५ चिपवर एकेक तार वाचायची तर रेंज ±४.०९६ व्होल्ट ठेवावी लागते आणि एक पायरी, म्हणजे चिपला कळणारा सगळ्यात लहान फरक, १२५ मायक्रोव्होल्टची पडते. १० मिलिव्होल्टांत अशा पायऱ्या फक्त ८०. काटा ५० टनांचा धरला तर एका पायरीत ६२५ किलो ऊस गडप! फरक चिपनेच काढला की रेंज ±०.२५६ व्होल्टवर आणता येते आणि तीच पायरी सुमारे ३९ किलोंची होते. खऱ्या काट्याला हेही पुरत नाही, पण अंतर केवढं आहे ते बघा.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. चिपमध्ये एडीसी एकच, पिना आळीपाळीने जोडल्या जातात. सेकंदाला १२८ रीडिंगच्या वेगात दोन रीडिंगांमध्ये सुमारे ८ मिलिसेकंद जातात. शेजारच्या मोटरमुळे दोन्ही तारांवर चढलेल्या ५० हर्ट्झच्या गोंगाटाचं आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दुसरी तार वाचेपर्यंत तो जवळजवळ उलटा झालेला असतो, त्यामुळे वजाबाकीत कटण्याऐवजी वाढूही शकतो.

लिनक्सच्या आयआयओमध्ये, म्हणजे सेन्सर आणि एडीसींच्या ड्रायव्हरांसाठीच्या चौकटीत, चॅनेलच्या (एका मोजमापाच्या) वर्णनात यासाठी 'डिफरन्शियल' हा वेगळा बिट आहे. 'चॅनेल'मध्ये धन पिन, 'चॅनेल२'मध्ये ऋण पिन. सिसएफएसमध्ये, म्हणजे लिनक्स हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे, फाइल दिसते 'इन_व्होल्टेज०-व्होल्टेज१_रॉ' ('रॉ' म्हणजे चिपने दिलेला कच्चा आकडा). नावातली ती मधली रेघ म्हणजे वजाबाकी चिपने केल्याची हमी, आणि ती ड्रायव्हरने मोडू नये असं मला ठामपणे वाटतं. चिपला जी जोडी मोजता येत नाही, तिची फाइलच नको. एडीएस१११५ ला ०-१, ०-३, १-३ आणि २-३ एवढ्याच जोड्या जमतात. ०-२ हवीच असेल तर दोन साध्या फाइली वाचून वजाबाकी वापरणाऱ्याने करावी, म्हणजे आपण काय गमावतोय हे त्याला कळतं.

बऱ्याच पिनांना एकच सामाईक ऋण पिन असते तो स्यूडो-डिफरन्शियल प्रकार निराळा. तिथे साधं चॅनेल ठेवून सामाईक व्होल्टेज ऑफसेटमधून (कच्च्या आकड्यात मिळवायच्या ठरावीक आकड्यातून) सांगता येतो.

राहिला चिन्हाचा मुद्दा. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीच्या) 'डिफ-चॅनेल्स'मध्ये आधी धन, मग ऋण पिन लिहितात. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर रॉ ऋण येईल, आणि तो तसाच वरपर्यंत पोचला पाहिजे. ड्रायव्हरने गुपचूप चिन्ह बदललं तर चूक वायरिंगमध्ये आहे हे जोडणाऱ्याला समजणारच नाही.